नॉर्बर्टच्या अमर पुंगळ्या

ओव्हन चारशे फॅरनहाइटवर तापला तसं डार्लीनने दार उघडलं आणि तिच्या हातातलं बटाटे-खिम्याच्या हॉटडिशचं भांडं पडता पडता राहिलं. आत, तिच्या बिस्किटांच्या ट्रेवर, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीने उभ्या होत्या.

"नॉर्बर्ट!"

तळघराच्या जिन्यावर धडधड झाली आणि नॉर्बर्ट स्कार चष्मा सावरत वर आला. "अगं, हात नको लावूस, धुऊन सुकत घातल्यात." मग त्याची नजर ओव्हनच्या काट्यावर गेली. "चारशे? मी दीडशेवर ठेवला होता!"

"बटाटे दीडशेवर होत नाहीत."

"बुडं मऊ पडली असणार सगळ्यांची! तोंड मऊ पडलं तर चालतं, बूड कडकच लागतं. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि तू ती भाजून काढलीस!"

"आणि माझा ट्रे? सहा वाजता चर्चचं जेवण आहे. पाद्रीबाबांना काय सांगू, आज बटाट्यांना बंदुकीचा वास आहे, गोड मानून घ्या?"

पुंगळ्यांच्या बाबतीत नॉर्बर्टशी वाद घालायचा नाही, हे आमच्या मोंटानातल्या या एवढ्याशा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. इथे घरटी एक तरी माणूस तळघरात बसून काडतुसं भरतो. उडवलेली पुंगळी उचलायची, दाबून मापात आणायची, बुडात ठिणगीची नवी टोपी, आत नवी दारू, तोंडात नवी गोळी, की पुन्हा तयार. पण दर वेळी पितळ थोडं ताणतं, बुडाच्या जरा वर पातळ होतं, आणि एक दिवस तिथेच तुटतं. म्हणून शहाणी माणसं काही वेळा भरून झाली की पुंगळी भंगारात टाकतात. नॉर्बर्टने मात्र आयुष्यात काही टाकलेलं नाही. त्याच्या पुंगळ्या लग्नाच्या वर्षी घेतलेल्या. प्रत्येकीच्या बुडाला त्याने कानशीने एक बारीक रेघ मारली होती, आणि त्याच रेघेच्या पुंगळ्या तो वर्षानुवर्षं भरत आला होता.

"पितळ मरत नाही," तो भेटेल त्याला सांगायचा. "माणसं त्याला मारतात."

हे ऐकून ऐकून रायफल क्लबच्या अध्यक्षाचे, चेस्टरचे, कान किटले होते. क्लबच्या भिंतीवर चेस्टरने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'दहा वेळा भरली, आता फेका.' शेवटी एकदा वैतागून तो म्हणाला, "शिकारीच्या हंगामाआधी सगळे नेम जुळवायला येतात ना, त्या शनिवारी सगळ्यांदेखत एक पुंगळी तिसाव्यांदा उडवून दाखव. मी पाटी उतरवतो." नॉर्बर्टला हे आमंत्रणच वाटलं. चेस्टरची पाटी उतरणार, ही बातमी त्याने पेट्रोल पंपापासून न्हाव्यापर्यंत सगळीकडे पोचवली. आता माघार घ्यायची म्हणजे गाव सोडायचं.

आणि चारच दिवस आधी हे ओव्हनचं झालं.

डार्लीन हॉटडिश घेऊन चर्चला गेल्यावर नॉर्बर्टने चेस्टरलाच फोन लावला.

"चारशेने पितळेला काही होत नाही," चेस्टर म्हणाला. "त्याला फार जास्त उष्णता लागते. खुशाल वापर."

"तुझ्या पितळेला होत नसेल."

"अरे, पितळ ते पितळ!"

"तू फेकणारा माणूस, तुला काय कळणार?" असं म्हणून नॉर्बर्टने फोन आपटला आणि त्या ठणठणीत पुंगळ्या बादलीत ओतून बादली कोपऱ्यात सारली. मग तळघरात दिसेल ते फडताळ उपसायला लागला. बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागे त्याला कॉफीचा एक निळा डबा सापडला. त्यात पुंगळ्या होत्या, काळवंडलेल्या, पण त्याच मापाच्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला त्याची रेघ. या इथे कशा आल्या, हे त्याला काही केल्या आठवेना. मग त्याने नेहमीप्रमाणे स्वतःच्या सोयीचं उत्तर काढलं: आपणच अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवल्या असणार. स्वतःच्या दूरदृष्टीवर तो इतका खूश झाला की त्याने त्या नुसत्या पुसल्या आणि एक लगेच भरूनही टाकली.

हे सगळं त्याने बायकोला सांगितलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण नॉर्बर्टने अबोला धरला होता. डार्लीननेही मग मुकाट्याने ट्रे घासला, त्याचं ताट टेबलावर जरा जोरात ठेवायला सुरुवात केली आणि त्याला एका शब्दाने विचारलं नाही. गुरुवारी तिचा धाकटा भाऊ रॉइस जेवायला आला, तर त्याचीच पंचाईत झाली.

"रॉइस, तुझ्या बहिणीला सांग, मीठ इकडे दे."

"रॉइस, त्याला सांग, मीठ त्याच्या कोपराशीच आहे. ओव्हनमध्ये शोधू नकोस म्हणावं."

रॉइसने बिचाऱ्याने विषय बदलून पाहिला. "मी माझी बंदूक विकतोय. नव्या मापाची घेईन म्हणतो."

"विक ना," नॉर्बर्ट म्हणाला. "दुकानातली काडतुसं उडवायची आणि पुंगळ्या मागे टाकून यायच्या! तुला कुठलं माप काय आणि कुठलं काय."

"अजिबात विकायची नाही!" डार्लीन एवढ्या जोरात ओरडली की दोघांचेही काटे हवेतच राहिले. "म्हणजे... बाबांनी दिलेली आहे ती."

"बाबांनी? अगं, माझ्याच मापाची म्हणून मी ती स्वतः त्याला..."

"भाजी घे."

शनिवारी अर्धा गाव क्लबवर लोटला होता. डार्लीन शेडखाली मोठ्या पातेल्यातून राजमा-खिम्याची चिली वाढत होती, शेजारी दालचिनीचे रोल. हातात डाव असतानाच तिची नजर समोर गेली. नॉर्बर्ट बाकावर बसला होता, चेस्टर मागे हाताची घडी घालून उभा होता, आणि बाकावर बंदुकीशेजारी कॉफीचा निळा डबा होता.

डाव तसाच हातात घेऊन ती धावली.

"नॉर्बर्ट! थांब! उडवू नकोस!"

नॉर्बर्टने एका कानावरचं झाकण वर केलं. "बरी आठवण झाली बोलायची!"

"त्या पुंगळ्या कुठून आणल्यास?"

"तळघरातून. माझ्याच आहेत. माझी रेघ आहे बुडाला."

"अरे, तुझ्याच आहेत, म्हणून तर सांगतेय!"

लोक हसले. डार्लीनने त्यांच्याकडे पाहिलं, चेस्टरकडे पाहिलं. खरं बोलावं तर नवऱ्याची गावात शोभा, न बोलावं तर त्याचे डोळे जायचे. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात नॉर्बर्टने झाकण कानावर ओढलं होतं. "तुझ्या ओव्हनपेक्षा सुरक्षित आहे!" तो म्हणाला, आणि चाप ओढला.

बार जरा वेगळाच झाला. बंदुकीच्या मधल्या भागातूनच काळा धूर फस्सकन निघाला. धूर विरला तेव्हा नॉर्बर्टचं तोंड काजळलं होतं आणि चष्म्याच्या काचा काळ्या झाल्या होत्या. त्याने बंदुकीची कडी मागे ओढली. पुंगळीचं नुसतं बूड टपकन बाकावर पडलं. बाकीची आत नळीत अडकून बसली होती.

"डोळे!" डार्लीनने त्याचा चष्मा ओढून काढला. "माझ्याकडे बघ. दिसतंय? किती बोटं?"

"तो डाव आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

चेस्टरने तारेच्या टोकाला आकडा काढला आणि डब्यातल्या एकेका पुंगळीत घालून चाचपू लागला. "इथे अडकतंय. इथेही. ही तर संपलीच आहे. नॉर्बर्ट, यांना आतून चरे पडलेत. या तू परवापरवापर्यंत उडवत होतास?"

"नव्हता," डार्लीन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "बारा वर्षांपूर्वी यातली एक अशीच फुटली. मी पाया पडले, आता टाक या. ऐकेल तर शपथ! मग दर वर्षी मीच खराब झालेल्या काढून डब्यात टाकायला लागले."

"आणि त्यांच्या जागी?" नॉर्बर्टचा आवाज खोल गेला होता.

गर्दीतून रॉइसने अपराध्यासारखा हात वर केला.

"त्याच्या एकदाच उडवलेल्या असायच्या," डार्लीन म्हणाली. "रेघ मी मारायचे. मला तुझे दोन्ही डोळे हवे होते, एवढंच."

कोणी हसलं नाही. चेस्टरने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, तो नळीत अडकलेला तुकडा काढायचं हत्यार शोधायला आत गेला. हेच नॉर्बर्टला जास्त लागलं.

परतताना पिकअप डार्लीन चालवत होती. नदीच्या पुलावर नॉर्बर्टने खिशातून एक पुंगळी काढली. कोपऱ्यातल्या बादलीतली होती, भाजून निघालेली. बूड उजेडाकडे धरून त्याने ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"रेघ माझ्यापेक्षा सरळ आलीय," तो म्हणाला.

"तुझी कानस बोथट झालीय. मी माझी वेगळी आणली."

तिला वाटलं, आता हा माणूस सुधारला. सोमवारी ती बाजारातून आली तर नॉर्बर्ट फोनवर कोणालातरी झापत होता.

"बंदूक विकायची नाही म्हणजे नाही! आणि आठवड्यातून एकदा क्लबवर जात जा. तुझा नेम कच्चा आहे, रॉइस. चांगली पेटीभर काडतुसं उडव. हो, दुकानातलीच. आणि उडवल्यावर पुंगळ्या तिथे मातीत टाकून येऊ नकोस, गाढवा!"