दोन कुलपांचं हळदीकुंकू

१९५७ साल. आदल्या दिवाळीत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, पण आर्णीच्या महिला मंडळात राज्य विमलताईंचंच राहिलं. मंडळाच्या हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत त्या बसत आणि संक्रांतीचं पहिलं कुंकू त्यांच्याच कपाळी लागे. ते बघून बघून दीनानाथ वकिलांच्या बायकोच्या, रजनीच्या, पोटात दुखायचं. ती खुर्ची तिच्या स्वप्नात येई.

त्या पौषात भर सभेत ती उठली. "कप फुटले, सतरंजी उंदरांनी खाल्ली, बायका वाटेल तेव्हा येतात. मंडळात नुसतं अराजक माजलं आहे!" 'अराजक' हा शब्द नवऱ्याच्या वर्तमानपत्रातला होता.

विमलताई शांतपणे म्हणाल्या, "अराजक म्हंजे राजा नसणं, रजनीबाई. मी तं अजून बसून आहो. पण तुमची हौस आहे तं पाहूनच घ्या." आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून त्या चालत्या झाल्या.

किल्ली रजनीने उचलली. दुसऱ्याच दिवशी मंडळातल्याच, तिच्या घरासमोर राहणाऱ्या शुभदेने त्या कपाटाला आपलंही एक कुलूप ठोकलं.

"काहून बाई, माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे ना. पण तुमची नजर खुर्चीवर आहे!"

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. करंडा, अत्तरदाणी, कप, सगळं कपाटात. जी आधी जाईल तिला दुसरीची वाट बघत ताटकळावं लागणार.

"अगं, बायका जमल्या असतील. जाऊन नाही राह्यली का?" दीनानाथांनी विचारलं.

"ती निघाली नाही अजून. मी काय तिची चपराशीण आहो, आधी जाऊन उभी राहाले?"

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. शुभदाही नटूनथटून तिथेच उभी होती.

शेवटी मंडळातून बोलावणं आलं तेव्हा दोघी एकदमच निघाल्या, आणि एकमेकींना पुढे जाऊ न देता मंडळाच्या दारात एकदमच अडकल्या. कपाट उघडलं, करंडा निघाला. आता पहिलं कुंकू कोणाला?

"बोलणी खाऊन मंडळ जागं केलं कोणी? मी!"

"अन् सामान सांभाळलं कोणाच्या कुलपानं?"

तिळगूळ हातात चिकटू लागले. मागून एक म्हातारी करवादली, "राजा नाही तं करा ना एखादा! बसवा शुभदाबाईले!"

दोन-तीन माना हलल्या. शुभदा लाजली. रजनी झटकन खुर्चीसमोर आडवी आली.

"विमलताईलेच बोलवा!" ती ओरडली. "त्यांच्याबिगर शोभाच नाही मंडळाले!"

विमलताई हाकेच्या अंतरावरच राहत. आल्या त्या नऊवारी नेसून, नथ घालून. जणू सकाळपासून तयारच. खुर्चीत बसत म्हणाल्या, "लावा, रजनीबाई." आणि रजनीने स्वतःच्या हाताने त्यांना पहिलं कुंकू लावलं.

पुढे मुलाकडे नागपूरला जाईपर्यंत विमलताईंची खुर्ची हलली नाही. दीनानाथांनी वर्तमानपत्र घरी आणणं सोडलं; कचेरीतच वाचून येत. शुभदेच्या नवऱ्याची वणीला बदली झाली. आणि विमलताईंमागून ती खुर्ची रजनीला मिळाली एकदाची. पहिलं कुंकू लागलं, डोळे भरून आले. तेवढ्यात वणीहून आलेली एक पाहुणी म्हणाली, "आमच्या मंडळात अध्यक्षीणबाईच्या खुर्चीवर मखमलीची गादी आहे. शुभदाबाई म्हणून आहेत."

रजनीच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.