भिंतीतली हजेरी

टेकडीवरच्या कॉलेजात बेताच्या टक्क्यांच्या मुलांना प्रवेश द्यायचा की नाही, हे नऊ नंबरच्या खोलीची भिंत ठरवते. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. भरपूर मार्कांची मुलं खिडकीवर कागद देऊन मोकळी होतात. उरलेल्यांनी आईबापांना घेऊन भिंतीसमोर यायचं. त्या खोलीत आजवर जेवढी हजेरी झाली, ती सगळी भिंतीत मुरलेली आहे. हेडक्लार्क सोवनीबाई भिंतीवर हात ठेवून बापाचं नाव पुकारतात, आतून ‘हजर सर’ येतं, आणि घराण्याचा वारसा सिद्ध होतो. नियम एकच. ज्याचा आवाज निघेल, त्याचं लेकरू.

केतकी बोंद्रेला बारावीला छप्पन्न टक्के पडले होते. ना धड रडता येत होतं, ना पेढे वाटता येत होते. तिची आई सुलभा मात्र निर्धास्त होती. “आजोबा तिथलेच, हे तिथलेच. भिंत काय नाही म्हणतेय?” ती शेजारणीला सांगत होती. ते ऐकून आत दाढी करणाऱ्या तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, नळ मोठा सोडला.

कारण नऊ नंबरच्या खोलीत दिगंबर जवळजवळ गेलाच नव्हता. कॉलेजची सगळी वर्षं त्याने टेकडीखालच्या कॅरम क्लबात काढली होती. हजेरी लावायचा त्याचा मित्र अशोक लांजेवार. स्वतःचं ‘हजर’ जाड आवाजात आणि दिगंबरचं बारीक आवाजात. असं सगळेच करायचे हो, त्यात काही पाप आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. पुढे पोर होईल, तिला छप्पन्न टक्के पडतील, हे कॅरम खेळताना कुणाच्या डोक्यात येतं?

आशेला जागा एवढीच होती, की क्लबच्या मालकाचं लग्न म्हणून क्लब बंद होता त्या दिवशी दिगंबर वर्गात बसला होता. पण त्या दिवशी ‘हजर’ तो स्वतः म्हणाला होता, की सवयीने लांजेवारच म्हणून गेला होता, हे काही केल्या आठवेना. ते आठवता आठवता त्याला दोनदा ब्लेड लागलं.

लांजेवार रिक्षा घेऊन दारात आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. त्याला मूलबाळ नव्हतं आणि केतकीवर त्याचा भारी जीव.

“चला चला! आधी पेढा खा गं,” तो म्हणाला.

“काका, अजून मिळाला कुठंय प्रवेश?”

“मिळतोय! दिग्या, तुझं तोंड का असं उतरलंय रे?”

सगळ्या वाटेवर दिगंबर लांजेवारच्या गळ्याकडे बघत राहिला.

नऊ नंबरच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांच्या पुढे एक विधवा बाई मुलाला घेऊन उभी होती. सोवनीबाईंनी तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं आणि भिंतीतून हसऱ्या आवाजात ‘हजर सर’ आलं. बाई एकदम मटकन खाली बसली. “अजून एकदा ऐकवा हो, एकदाच,” तिने हात जोडले.

“एकदाच असतं, बाई. मागे रांग आहे,” सोवनीबाई म्हणाल्या, आणि शिपायाने तिला पाणी दिलं. मुलाला प्रवेश मिळाला.

मग बोंद्र्यांची पाळी आली. आधी आजोबांचं नाव घेतलं गेलं. भिंतीतून असा खणखणीत आवाज आला की दिगंबर लहानपणच्या धाकाने ताठ उभा राहिला. सुलभेने कौतुकाने डोळे पुसले.

“आजोबा झाले. पण धरायचा बाप,” सोवनीबाईंनी चष्मा सारखा केला आणि हात पुन्हा भिंतीवर ठेवला. “दिगंबर बोंद्रे!”

दिगंबरने मनातल्या मनात सगळे देव आळवले. भिंत जरा वेळ गप्प राहिली. मग आतून बारीक, नाकातला आवाज आला, “हजर सर!”

“अगंबाई! तुमचा आवाज असा होता?” सुलभा म्हणाली.

“फुटायचा होता तेव्हा,” दिगंबर कसंबसं म्हणाला.

एवढ्यावर निभावलंही असतं. पण मागून लांजेवार टाळी वाजवून मोठ्याने हसला. “अरे, हा तर मी! दिग्या, काय हुबेहूब बारीक काढायचो रे मी! आहे ना अजून जसाच्या तसा?”

लांजेवारचं हसू ओठांवरच विरलं. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, पण उशीर झाला होता.

“तुमचा आवाज?” सोवनीबाईंनी विचारलं. त्यांनी त्याला एकदा म्हणून दाखवायला लावलं. तो घाबरत घाबरत म्हणाला आणि भिंतीने लगेच तसंच उत्तर दिलं. “बरोबर आहे. मुलीला प्रवेश आहे. केतकी अशोक लांजेवार.”

“अहो, असं कसं? माझी मुलगी आहे ती!” दिगंबर ओरडला.

“तसं तुम्हाला वाटत असेल. भिंतीत तुम्ही कुठेच नाही.”

“आणि मी? मी जन्म दिलाय तिला!” सुलभा पुढे झाली.

“तुम्ही या कॉलेजात होता?”

“नाही.”

“मग तुमचा प्रश्न येत नाही,” सोवनीबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती.

“नकोच आम्हाला प्रवेश! केतकी, चल घरी.” सुलभेने मुलीचा दंड धरला. केतकी नुसती बाबांकडे बघत होती.

“नको असेल तर तसं सांगता येतं. पण वडिलांनी हजेरी देऊन सांगावं लागतं,” सोवनीबाई म्हणाल्या. “नाव पुकारते. हजर म्हणा, आणि प्रवेश नको म्हणा. मुलगी घेऊन जा.”

एवढंच करायचं होतं. दिगंबरने घसा खाकरला. मुलीला त्याने डोळ्यांनीच धीर दिला, घाबरू नकोस, मी आहे. सोवनीबाईंनी हात भिंतीवर ठेवला.

“दिगंबर बोंद्रे!”

दिगंबरने तोंड उघडलं. पण जीभ टाळ्याला चिकटली होती. त्या खोलीत हा शब्द त्याने कधी उच्चारलाच नव्हता, आणि भीतीने त्याला तो कुठून सुरू होतो हेच सुचेना. त्याचे ओठ नुसते हलत राहिले. त्याची ती तडफड लांजेवारला बघवेना. मित्र अडकला की लांजेवारच्या तोंडून जे निघायचं, तेच निघालं.

“हजर सर!” बारीक आवाजात तो म्हणून गेला.

“वडील हजर. हरकत नाही,” सोवनीबाईंनी शिक्का मारला. “पुढचे या.”

पायऱ्या उतरताना लांजेवार रडत होता. “दिग्या, मी मुद्दाम नाही रे केलं,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरंही होतं. फाटकाशी आल्यावर मात्र त्याने डोळे पुसले, रिक्षा थांबवली आणि केतकीची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. बायकोला फोन करून तो म्हणाला, आज भात जरा जास्त टाक.

केतकी रिक्षात बसली. तिने सुलभेकडे बघितलं आणि घाईने नजर वळवली. मग पुड्यातला एक पेढा दिगंबरच्या हातावर ठेवला.

“येते हं, काका,” ती म्हणाली.