पाव्हण्याला राम राम

आमच्या येरमाळ्याकडच्या वाशीत सिगारेट कुठंही मिळते, पण लिंबाजी अण्णांच्या टपरीवर ती घ्यायची तर आधी पाकिटावरच्या माणसाला राम राम घालावा लागतो. थट्टा नाही. अण्णा पाकीट डोळ्यांपुढं धरतात. त्यावर गळा सडलेल्या एका माणसाचं चित्र असतं, त्याला अण्णा पाव्हणा म्हणतात.

"आधी पाव्हण्याला राम राम घाला, मग काडी पेटवा."

आपल्याकडं अख्खं पाकीट घेतो कोण? टपरीवाला आतून एक सिगारेट काढून हातावर ठेवतो आणि पाकीट फळीखाली सारतो. म्हणजे लोकांना भीती वाटावी म्हणून छापलेलं चित्र बघतो कोण, तर एकटा टपरीवाला. अण्णांना हे अजिबात मान्य नव्हतं. "पाव्हणा म्होरल्या दारात हुबा, आन् तुमी मागल्या दारानं पळणार व्हय?"

एकदा नवे फौजदार जीपमधून उतरले. अण्णांनी त्यांच्याही पुढं पाकीट धरलं. साहेबांनी आधी अण्णांकडं बघितलं, मग चित्राकडं, आणि सवयीनं त्यांचा हात टोपीला गेला. "सलाम बी चालतोय," अण्णा म्हणाले. एका वऱ्हाडातला नटलेला तरुण म्हणाला, "काका, हे लई घाण चित्र हाय, दुसरं दावा की." अण्णा शांतपणे म्हणाले, "पाव्हणा बदलून मिळत न्हाय."

मी कचेरीत कारकून. दिवसाला सात-आठ सिगारेटी ठरलेल्या, आणि स्वभाव तिरसट. मी रस्त्याकडं बघत राम राम पुटपुटायचो. अण्णा लगेच पकडायचे. "भाऊसाहेब, रस्त्याला घातला का? तोंडाकडं बघा त्याच्या."

एकदा चिडून विचारलं, "एवढा पुळका आहे तर विकता कशाला?"

"म्या न्हाय इकली तर तुमी म्होरच्या टपरीवर घेताल. तितं पाव्हणा कोण दावतंय?"

मी मुद्दाम म्होरच्या टपरीवर गेलो. सिगारेट चटकन मिळाली, कुणी काही बोललं नाही. पण लग्नात सोयऱ्याला चुकवून जेवून आल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं अण्णांकडं परतलो.

दिवसातून सात-आठदा एखाद्याचं तोंड बघितलं की तो ओळखीचा होतो. त्याचे पांढरे खुंट, खोल गेलेले डोळे मला पाठ झाले. दोन महिने मला खोकला होता, तो मी बायकोपासून लपवत होतो. एका सकाळी दाढी करताना उबळ आली, हात गळ्यावर गेला, आणि आरशात पाव्हणाच दिसला. तसाच आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं आणि दोघं बार्शीच्या डॉक्टरांकडं गेलो.

तपासणीचा कागद यायला चार दिवस लागले. मी येरमाळ्याच्या येडाईला नवस बोललो. कागद चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. आता एकही ओढू नका."

महिनाभर कळ काढली, एकही ओढली नाही, आणि पेढे घेऊन अण्णांकडं गेलो. अण्णांनी पहिला पेढा देवांच्या फोटोजवळ ठेवला. तिथं एक रिकामं, कोपरे झिजलेलं पाकीट उभं होतं. आमचा जुना पाव्हणा. एव्हाना नव्या पाकिटांवर दुसरंच चित्र आलं होतं.

"अण्णा, चित्र बदललं की. हा कशाला ठेवलाय?"

अण्णा पानाला कात लावत होते. हात थांबला.

"आमचा थोरला भाऊ, दत्तूदादा, आसाच गेला. गळ्याचंच. मानसं भेटाया यायची, पर त्याच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं. भिताडाकडं बघून बोलायची, च्या पिऊन जायची. त्याला बोलता येत नव्हतं, नुसतं डोळं फिरवायचा समद्यांवर." मग काताचं बोट फडक्याला पुसत हळूच म्हणाले, "म्या बी कॅलेंडरकडंच बघायचो, भाऊसाहेब."

या माणसाच्या विक्षिप्तपणावर मी कचेरीत किती हसलो होतो, आणि त्याच विक्षिप्तपणानं मला वाचवलं होतं. मी ते पाकीट हातात घेतलं, नीट बघितलं आणि म्हणालो, "राम राम, दत्तूदादा."

अण्णांनी तोंड फिरवलं आणि उगाच बरण्या सारख्या करायला लागले.

आता सिगारेट नाही, तरी कचेरी सुटल्यावर रोज टपरीवर जातो. अण्णा चिमूटभर बडीशेप हातावर ठेवतात. त्याआधी मी राम राम घालतो. आधी दत्तूदादाला, मग अण्णांना. दोघांच्याही तोंडाकडं बघून.