आईने टाकलेली कार्डं

वॉल्टर प्राझनिकची खेळाडूंच्या चित्रांची बेसबॉल कार्डं त्याच्या आईने कचऱ्यात टाकली, ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस केल्सीव्हिलमध्ये भेटलाच, तर तो गावात नुकताच राहायला आलेला असणार. वॉल्टर ही गोष्ट न्हाव्याकडे सांगे, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात सांगे. एकदा तर दाताच्या डॉक्टरला त्याने तोंडातली नळी बाजूला सारून सांगितली होती. गोष्ट तशी छोटी होती. अकरा वर्षांचा वॉल्टर उन्हाळ्यात मामाच्या शेतावर राहून परत आला, तर पलंगाखालचा डबा गायब. आई म्हणाली, "कसलातरी डबा टाकला खरा मी. नुसते कागद होते." एवढंच. पण गोष्टीचा शेवट वर्षागणिक वाढत गेला. आधी ती जुनी कार्डं शौकिनांना विकून एक गाडी आली असती, मग एक घर, आणि वॉल्टर पोस्टातून निवृत्त झाला तोवर फ्लोरिडात समुद्रकाठी बंगला आला असता, दाराशी होडीसकट.

त्याची आई स्टेला हे सगळं समोर बसून ऐकायची. "असेल बाबा," म्हणायची आणि पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटली त्याच्याकडे सरकवायची. समजूत घालायचं काम थोरला भाऊ यूजीन करायचा. "वॉल्टर, झालं ते झालं. आईवर किती दिवस राग धरून बसणार? माणसानं मन मोठं करावं." आपलं मन मोठं आहे, ही गोष्ट यूजीनला फार पूर्वीपासून माहीत होती.

त्या वर्षी ऑक्टोबरात आईने जिन्याला कंटाळून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली घेतली आणि जुनं घर रिकामं करायचं काम वॉल्टरकडे आलं. स्वयंपाकघराच्या कोठीत तो शिडीवर चढला होता. बायको डोलोरेस खाली शिडी धरून उभी होती. सगळ्यात वरच्या फळीमागची लाकडी पट्टी हलत होती म्हणून त्याने ती ओढली, आणि मागच्या पोकळीत सिगारचा पत्र्याचा डबा दिसला.

डबा बघताच वॉल्टरला सगळं आठवलं. मामाकडे निघायच्या आधी पत्र आलं होतं, की नौदलात गेलेला यूजीन सुट्टीवर घरी येतोय. यूजीनच्या हाती डबा लागू नये म्हणून वॉल्टरने स्वतःच तो पलंगाखालून काढून इथे लपवला होता. मग शेतावर गाई, ट्रॅक्टर, मामेबहीण आणि पोहायचं तळं यांत ते डोक्यातून साफ गेलं, ते आज परत आलं.

"काय सापडलं?" डोलोरेसने विचारलं.

"काही नाही."

"मग खाली का उतरत नाहीस?"

वॉल्टर उतरला. डोलोरेसने डबा उघडला, आतली कार्डं पाहिली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही लग्न झाल्यापासून ही गोष्ट ऐकावी लागली होती.

"आत्ताच्या आत्ता टेकडीवर जा आणि आईंची माफी माग," ती म्हणाली.

"मागणारच आहे. पण आधी कार्डांची किंमत तर कळू दे. रिकाम्या हातानं काय माफी मागायची? एवढी जुनी कार्डं म्हणजे सोनं आहे, डोलोरेस."

सोनं जरा मळलेलं होतं. लहानपणी वॉल्टर त्या कार्डांशी मनसोक्त खेळला होता. काही आवाजासाठी सायकलच्या चाकात अडकवून फडफडून आली होती, काही खेळाडूंना शाईने मिशा काढल्या होत्या. सगळ्यात मोलाचा म्हणजे हँक डुब्रोव्स्की, पिट्सबर्गचा डावखुरा गोलंदाज. त्याच्या छातीवरून आडवी घडी गेली होती, चारी कोपरे गोल झाले होते आणि कार्डांच्या पाकिटात मिळणाऱ्या च्युइंग गमचा तेलकट डाग गुडघ्यावर बसला होता.

वॉल्टरने न्हावी लेनीचा सल्ला घेतला. लेनीला या विषयातलं सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज होता, आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला वाद घालण्याची सोय नसल्याने तो समज टिकूनही होता.

"सगळी किंमत कोपऱ्यांत असते," लेनी म्हणाला. "कोपरा असा पाहिजे, की बोट कापलं पाहिजे. तेलकट डाग बायकांच्या नायलॉनच्या मोज्यानं जातो. घडी म्हणशील तर इस्त्री. वाफ सोडायची, वर पातळ फडकं."

"तू केलंयस हे कधी?"

"माझी कार्डं कुठली? आईनं टाकली."

डोलोरेस बाजारात गेल्याची संधी साधून वॉल्टर कामाला लागला. मोज्याने डाग गेला, आणि त्याबरोबर गुडघ्याचा थोडा रंगही गेला. मग त्याने इस्त्री तापवली, शेजारी ठेवलेल्या धुतलेल्या कपड्यांतून एक पातळ पांढरं फडकं घेतलं, डुब्रोव्स्कीवर पसरलं, भरपूर वाफ सोडली आणि दाबून धरलं. घडी थोडी बसली. फडकं उचलायला गेला, तर ते चिकटलं होतं. हळूहळू सोडवलं तेव्हा कार्डावरचा डुब्रोव्स्की तापातून उठल्यासारखा फिकट दिसत होता आणि त्याचं तेज फडक्यावर उतरलं होतं.

ते फडकं चर्चच्या वेदीवर घालायचं होतं. महिनाभर वेदीची वस्त्रं धुवायची पाळी डोलोरेसची होती.

"हा कोण?" संध्याकाळी तिने वस्त्र समोर धरून विचारलं.

"डुब्रोव्स्की."

"आणि याला मी वेदीवर कसा नेऊ?"

तीन वेळा धुऊनही डुब्रोव्स्की हटला नाही. शेवटी डोलोरेसने वॉल्टरला वस्त्रासकट फादर मलॉयपुढे उभं केलं. फादरनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"डुब्रोव्स्की डावखुरा होता," ते म्हणाले. "हा उजव्या हातानं टाकतोय."

"उलटा उमटलाय, फादर."

"हो का." फादरनी वस्त्राची घडी घातली. "फुलदाणीखाली चालून जाईल. पण वॉल्टर, म्हणजे तुझी कार्डं सापडली म्हणायची. फार आनंद झाला."

फादर गेल्यावर वॉल्टरने चर्चच्या कचेरीतलं कागद कापायचं यंत्र वापरून घेतलं. गोल कोपरे उडवायला प्रत्येक कडेचा केसभर भाग काढायचा, एवढंच मनात होतं. पहिली कड जराशी तिरकी गेली, म्हणून समोरची तिला जुळवली, मग बाकीच्या दोन्ही बेढब दिसायला लागल्या, म्हणून त्याही घेतल्या. डुब्रोव्स्कीची टोपी थोडक्यात वाचली. कोपऱ्यांना मात्र बोट लावलं तर खरोखरच टोचत होतं.

फादरना झालेला आनंद मनापासूनचा होता, म्हणून त्यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं, की आपल्या वॉल्टरची हरवलेली ठेव देवकृपेने परत मिळाली. तिसऱ्या बाकावर यूजीन बसला होता. दुपारी जेवणाच्या आधी तो वॉल्टरच्या स्वयंपाकघरात हजर झाला.

"दाखव डबा," तो म्हणाला.

"कशाला?"

"त्यातली निम्मी माझी आहेत. मी नौदलात गेलो तेव्हा कपाटात माझी कार्डं ठेवून गेलो होतो. परत आलो तर नव्हती. ती कुणी नेली ते मला तेव्हाच कळलं होतं, पण भाऊ म्हणून सोडून दिलं. कधी बोललो मी?"

"आता बोलतोयस की."

"आता किंमत आलीय."

वॉल्टरने डबा पालथा केला. यूजीनने एकेक कार्ड पाहिलं, मिशा पाहिल्या, आणि त्यातलं एकही आपलं नाही हे त्याला कबूल करावं लागलं. पण त्याचा अर्थ त्याने वेगळाच लावला. चांगली कार्डं वॉल्टरने आधीच विकून खाल्ली असणार. या गोष्टीचा निकाल लागेपर्यंत डबा नजरेआड करायचा नाही, असं ठरवून दुसऱ्या दिवशी तो वॉल्टरबरोबर कार्डांच्या दुकानात गेला.

दुकान मार्गो टिल्मन नावाच्या बाईंचं होतं. त्यांनी कार्डं टेबलावर पसरली आणि चटकन दोन ढीग केले. एक मोठा, दुसऱ्यात फक्त डुब्रोव्स्की.

"हा ढीग नातवंडांना द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, पण जुनी आहेत," वॉल्टर म्हणाला.

"जुनं म्हणजे महाग नव्हे. तेव्हा ढिगानं छापली, आजही ढिगानं आहेत."

"कशी असतील? सगळ्यांच्या आयांनी टाकून दिली ना."

"माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या आईनं टाकलेली असतात," मार्गोबाई म्हणाल्या. "मग ही भिंतीवरची सगळी कुठल्या आईची म्हणायची?"

वॉल्टरने भिंतीकडे पाहिलं. भिंत खालपासून छतापर्यंत भरलेली होती. तोपर्यंत बाईंनी त्याच वर्षीचं दुसरं एक कार्ड काढून डुब्रोव्स्कीवर ठेवलं. डुब्रोव्स्की चारी बाजूंनी त्याच्याखाली गडप झाला.

"हे कापलंय."

"कोपरे तर बघा."

"कोपरे बघितले म्हणूनच मापलं. इतक्या वर्षांच्या कार्डाला असे कोपरे नसतात. आणि चेहऱ्याला काय झालं?"

"चेहरा चर्चमध्ये आहे," यूजीन म्हणाला.

बाईंनी डुब्रोव्स्की वॉल्टरकडे परत सरकवला. "हे होतं तसं आणलं असतंत ना, घडी, डाग, सगळ्यासकट, तर मी आनंदानं घेतलं असतं. बरे पैसे मिळाले असते तुम्हाला. आता कापलं म्हटल्यावर कुणी हात लावणार नाही."

"बरे म्हणजे किती?"

"आता ऐकून काय करणार?"

वॉल्टरला ते पटलं. त्याने डुब्रोव्स्कीला उचलून शर्टाच्या खिशात ठेवलं. खिशाला आता तो सैल होत होता.

यूजीन काउंटरवर पुढे झुकला. "आणि कुणी हातच लावला नसेल तर? माझ्या शाळेच्या दिवसांतली, म्हणजे याच्याहूनही जुनी. पाकिटातून काढली की मेणकागदात गुंडाळून ठेवलेली. त्यांच्याशी कधी खेळलोसुद्धा नाही."

मार्गोबाईंनी पहिल्यांदाच डोळ्यांवरचा चष्मा काढला. "आहेत?"

"होती," यूजीन म्हणाला आणि त्याने भावाकडे पाहिलं.

गाडीत दोघांची चांगलीच जुंपली.

"मी तुझ्या कपाटाला हातही लावला नव्हता," वॉल्टर म्हणाला.

"मग पाय फुटले त्यांना? आयुष्यभर गिळून बसलो मी. कुणापुढे ब्र काढला नाही."

"म्हणजे मला उपदेश करत होतास, तो मनात मला चोर ठरवून?"

"स्वतः मन मोठं केलं होतं, म्हणूनच तुला सांगत होतो. चल आईकडे. तिच्यासमोरच होऊन जाऊ दे."

वृद्धाश्रमाच्या बैठकीत आई खिडकीपाशी बसली होती. डोलोरेस तिच्यासाठी डब्यातून कोबी-नूडल्सची हलुश्की घेऊन आली होती आणि तिला वाढून देत होती. नवऱ्याच्या हातातला सिगारचा डबा बघून तिने मुकाट्याने खुर्ची मागे घेतली.

वॉल्टर आईसमोर बसला. वाटेत त्याने दोन-चार वाक्यं जुळवली होती, पण ती काही तोंडातून निघेनात. आता ही माफी मागितली, की न्हाव्याकडे, मासळीच्या जेवणात, लोकांना सांगायला आपल्याकडे काहीच उरणार नाही, हे त्याला नेमकं तेव्हाच जाणवलं. तरी त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, कार्डं सापडली. मीच लपवली होती आणि मीच विसरलो. तू टाकली नव्हतीस. इतकी वर्षं तुला चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं."

आईने डबा उघडला. मिशावाल्या खेळाडूला पाहून तिला हसू आलं. "या मिशा तुझ्याच," ती म्हणाली. मग तिने वॉल्टरच्या गालावर हात ठेवला. "असू दे रे. मला वाटायचं, टाकला तर होताच डबा आपण, बोलेना का पोरगं. बोलायच्या निमित्तानं दर रविवारी जेवायला तरी येत होतास."

डोलोरेसने पाण्याचा पेला वॉल्टरपुढे केला.

"आई, आता माझं ऐक," यूजीन म्हणाला. "माझ्या कपाटातली कार्डं यानं नेली होती. तुला माहीत असणार. सांग याला."

आई हलुश्कीचा घास घेता घेता थांबली.

"तुझ्या कपाटातली?" तिने विचारलं. "बुटांचा निळा खोका?"

"हो."

"आत मेणकागदाच्या पुड्या? सुतळीनं बांधलेल्या?"

"हो, आई. त्याच."

आईने चमचा खाली ठेवला. "मी विचार करतेय, की वॉल्टरचा डबा हा, तर मग मी टाकला तो कुणाचा."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बिंगोचे आकडे मोठ्याने वाचत होतं.

"वॉल्टर रडत आला, म्हणून मला वाटलं त्याचाच असणार," आई म्हणाली. "तू तर रडला नाहीस."

"मी जहाजावर होतो, आई."

"तेही खरंच." तिने यूजीनचा हात हातात घेतला. "माझ्या हातून चुकलं, बाळा. एवढ्या जपून ठेवल्या होत्यास त्या पुड्या. एकेकीवर नाव घातलं होतंस. मला आपलं वाटलं, कागद जुने झालेत. माफ कर मला."

यूजीन पंच्याहत्तरीचा होता. त्याच्या डोळ्यांसमोर मार्गोबाईंनी काढलेला चष्मा आला. वॉल्टरने हळूच आपली खुर्ची त्याच्या जवळ ओढली. त्याला भावाला काहीतरी बरं वाटेल असं सांगायचं होतं, आणि काय सांगायचं हे त्याला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ होतं. पण आईच आधी बोलली.

"वॉल्टरला तू नेहमी सांगायचास ना, की आईवर राग धरू नये, मन मोठं करावं?"

यूजीनने खिशातून रुमाल काढला, चष्म्याची काच पुसली, पुन्हा पुसली.

"ते त्याच्या कार्डांबद्दल होतं, आई," तो म्हणाला.