सेठाणीच्या वतीने चालणे

जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारपेठेत, सेठाणीनं पायी फिरू नये असा नियम होता. तो निजामानं केला नव्हता, नंतरच्या सरकारनंही केला नव्हता. म्हणूनच तो काटेकोरपणे पाळला जाई.

आडतदार मूलचंदांच्या पत्नी सुगनबाई या बाबतीत आदर्श होत्या. गादी, टांगा आणि मंदिराच्या पायऱ्या एवढाच त्यांचा मुलूख. अंगाचा घेर वर्षागणिक वाढत होता, तशी पेढीची पतही. मग तोंडाला कोरड पडू लागली, पायाला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी लघवी नळीत घालून तपासली, तर रंग विटेसारखा लाल.

"साखरेचा आजार आहे, बाई. सुया देतो, पण रोज सकाळी चालायचं. नाहीतर एक दिवस पाय कापावा लागेल."

सुगनबाई घाबरल्या आणि दुसऱ्याच दिवशी घुंगट ओढून पायी निघाल्या. आधी धाप लागली. महिन्याभरात झोप लागू लागली, मुंग्या कमी झाल्या, नळीतला रंग हिरव्यावर आला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना आपले पाय आपले वाटले आणि फार आनंद झाला.

मोंढ्याला झाला नाही.

"सेठाणी पायी चालून राह्यली म्हंजे पेढी बसली," असं निदान करून बदनापूरच्या पुंजाराम शेतकऱ्यानं कापसाची गाडी दुसऱ्या आडतीवर वळवली. मागोमाग इतरांनीही वळवल्या. शेजारचे सोहनलाल सांत्वनाला आले, येताना सुतकाच्या घरी नेतात तसा जेवणाचा डबाही घेऊन आले.

मूलचंदांनी तोड काढली. बाईंच्या मागून रिकामा टांगा चालवायचा, म्हणजे टांगा विकलेला नाही हे लोकांना दिसेल. दिसलं. नवरा-बायकोचं बिलकुल पटत नाही, असा मोंढ्यानं निकाल दिला.

अखेर घरच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, यजमानाच्या वतीनं ब्राह्मण अनुष्ठान करतो आणि पुण्य यजमानाला मिळतं. चालण्याला वेगळा न्याय कशाला? सुगनबाईंच्या हातून पळीभर पाणी सोडवून संकल्प झाला आणि भांडी घासणाऱ्या झुंबरबाईची प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली.

"मी त नदीपल्याडून रोज पायीच येते, सेठजी."

"ते तुझं चालणं. हे बाईंचं. बराबर वेगळं ठेव."

"आन् मी?" सुगनबाईंनी दाराआडून विचारलं. "मी चालू का न्हाई?"

"तुमचं चालणं होऊनच राह्यलं ना? मंग?" मूलचंद म्हणाले.

झुंबरबाई चालत राहिली आणि सुगनबाई टांग्यातून देखरेख करीत राहिल्या. मोंढा निवला, गाड्या परतल्या. नळी मात्र पुन्हा लाल झाली. गुरुजींनी झुंबरबाईच्या श्रद्धेत खोट काढली आणि तिला आणखी एक फेरी वाढवून दिली.

श्रावणात मंदिरापाशी अनवाणी उतरताना सुगनबाईंच्या तळव्यात काच गेली. मुंग्यांनी बधिर झालेल्या पायाला ती कळलीच नाही. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. डॉक्टरांनी तो घोट्याच्या वरून कापला.

भेटायला अख्खा मोंढा लोटला.

"बसून खाल्लं की असंच होतं," सोहनलाल हळहळले. "थोडं चालायला काय झाल्तं?"

"चालत होते की मी," सुगनबाई म्हणाल्या. "तुम्हीच तर डबा घेऊन आल्ता."

चहा आला, तो सगळ्यांनी घेतला.

वाचकहो, तुम्हाला मोंढ्याचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त परवा तुमच्या आळीतली ती जाडी बाई साडीवर बूट घालून सकाळी फिरायला निघाली, तेव्हा खिडकीत उभं राहून तुम्ही काय म्हणालात, तेवढं आठवा. ती कालपासून येत नाही.