दादांना मागे पाठवण्याची सोय

सोलापुरी चादर उलटी पांघरली तरी ऊब तेवढीच येते.

केम गावात कुंकू तयार होतं.

सोलापूरच्या सात रस्ता चौकात चुकलेला माणूस चूक मान्य करत नाही. तो भलत्या रस्त्यानं जातो आणि आपलं काम तिकडंच होतं असं सांगतो.

वाढदिवसाचा फलक कोणी उतरवत नाही. तो वाऱ्यानं फाटतो.

यावरून हे सिद्ध होतं, की मागे फिरता येणं ही माणसाची गरज असली, तरी तिची व्यवस्था वरिष्ठांच्या संमतीनं झालेली बरी.

आमच्या वसाहतीचे आधारस्तंभ मानसिंगदादा यांनी ही व्यवस्था लोकांच्या मोबाइलमध्येच करून दिली. टँकर कधी येणार हे फक्त दादांच्या ॲपवर कळतं, त्यामुळे ॲप घेण्याची कोणावरही सक्ती नाही (आंघोळीचीही नाही). यंदा दादांच्या वाढदिवशी चौकात फलकाला जागा उरली नाही, तेव्हा शुभेच्छांचा चौकोन थेट फोनवर लावायचं ठरलं. तुम्ही फोनमध्ये काहीही करत असा, त्याच्यावर दादा येतात. हात जोडलेले. चौकोनाच्या कोपऱ्यात बंद करायची फुली नाही. दादांच्या चेहऱ्याशेजारी फुली, ही कल्पनाच वाढदिवस समितीला सहन झाली नाही.

राहिलं फोनच्या तळाचं ‘मागे’ बटण. ॲप बनवणारा शिवयोगी त्याबद्दल विचारायला गेला.

“दादा, मागं दाबलं की चौकोन जाऊ दे का?”

“म्हंजे मी जाऊ?”

“तुमी न्हाय दादा, चौकोन.”

“चौकोनात कोण हाय?”

शिवयोगीनं तो प्रश्न सोडून दिला. मग म्हणाला, “दुसरी एक सोय हाय. चौकोनानं बटण घ्यायचंच न्हाय. दाबलेलं सगळं खालच्या ॲपकडं जातंय. बंद व्हायचं तर ते बंद हुतंय.”

दादांचा चेहरा उजळला. “आपल्याकडं निवेदन आलं की आपण काय करतो? खाली पाठवतो. तसंच कर की!”

ही पद्धत आदर्श आहे. वरचा हलत नाही, तक्रार पोहोचते आणि खालचा जातो. पहिल्याच दिवशी वसाहतीत ‘मागे’ बटण नऊ हजार वेळा दाबलं गेलं. (समितीनं प्रत्येक दाब ही एक शुभेच्छा धरली आहे.)

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या रेश्माला नवरा बघायचा होता.

रेश्मा गणवेशाच्या कारखान्यात शिलाईवर देखरेख करते. मुलाचं तोंड बघून, त्याच्याशी स्वतः बोलून मगच काय ते सांगेन, असं तिनं घरात बजावलं होतं. म्हणून सयाजीमामानं व्हिडिओ कॉल जमवला. मुलगा अभिमन्यू, केमच्या कुंकवाच्या कारखान्यातला. केमच्या मंडळींना उत्तर त्याच दिवशी हवं होतं.

कॉल लागला. अभिमन्यूचं कपाळ दिसलं, आणि दादा आले.

रेश्मानं मागे दाबलं. दाब रीतसर खाली गेला आणि कॉल बंद झाला.

“अगं, कापलास व्हय?” मामा ओरडला.

“दादांना घालवत होते.”

“हळू बोल की!”

तेवढ्यात अभिमन्यूच्या आत्याचा मामाला फोन. “पोरीला नुसतं कपाळ बघूनच नको झालं व्हय?” मामानं गयावया करून आणखी एक कॉल मिळवला.

या वेळी रेश्मानं बटणाला हात लावला नाही. ती दादांकडे बघून बोलली.

“स्वयंपाक येतो का?”

दादांच्या मागून आवाज आला, “चा येतोय. कुकर लावतोय, पण शिट्ट्या इसरतोय.”

दादा हात जोडून हसत होते.

“लग्नानंतर मी काम सोडणार नाही.”

“मी कुटं म्हणलो सोडा? तुमी सांगा, राग आला की बोलता का गप बसता?”

“बोलते.”

“मग लई बरं. आमच्या घरात सगळी गप बसत्यात.”

असं बोलणाऱ्याचे डोळे एकदा बघावेत, एवढीच रेश्माची इच्छा होती. ती योजनेत बसत नव्हती.

“कसा वाटला?” मामानं विचारलं.

“दिसलाच नाही. दादाच दिसले.”

दाराबाहेर दादांचे दोन कार्यकर्ते टँकरची नळी ओढत होते. मामा त्यांच्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, “मग चांगलाच दिसला की!” हा होकार केमला तसाच कळवण्यात आला.

रेश्मानं दादांच्या कार्यालयात चौकोनाबद्दल निवेदन दिलं. ते खाली पाठवण्यात आलं. शिवयोगीच्या खाली कोणीच नसल्यानं त्याला दुरुस्ती करावी लागली. आता मागे दाबलं की दादा स्वतः विचारतात, ‘मी जाऊ का?’ उत्तरं दोन आहेत: ‘नको’ आणि ‘इतक्यात नको’.

साखरपुड्याला रेश्मानं अभिमन्यूला पहिल्यांदा पाहिलं. तो अंगठी पुढं करून उभा होता. तिनं हात मागेच ठेवला आणि हळूच सांगितलं, “त्या दिवशी तुम्ही मला दिसलाच नाहीत.”

“तुमी बी,” तो म्हणाला. “आमच्या फोनवर आमचे सरपंच हुते, हात जोडून. मी म्हणलं, आवाज तर भांडखोर हाय, चालंल.”

रेश्मानं त्याचे डोळे नीट बघून घेतले. मग बोट पुढं केलं.

असं ॲप पहिल्यांदा उघडलं की फोन विचारतो, ‘याला इतर सगळ्यांच्या वर दिसू द्यायचं का?’ तुम्ही ते न वाचता ‘हो’ दाबलं होतं.