धुतलेली हवा

निरीक्षक जेवायला घरी आले, तर हवेच्या दोन्ही बाटल्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या.

"सासूबाई, या बाटल्या…"

"रिकाम्याच होत्या हो. तोट्या उघडल्या, साबण लावला. कशा लख्ख निघाल्यात बघा."

"रिकाम्या नव्हत्या! त्यांत हवा होती!"

"मग आता काय आहे?"

आजच्या मंगळवारच्या त्या बाटल्या निरीक्षकांनी सकाळीच भरून घरी आणून ठेवल्या होत्या. टेकडीवरच्या केंद्रात ते दर मंगळवारी दोन बाटल्या हवा भरून प्रयोगशाळेला पाठवत. हवेत कार्बन डायऑक्साइड किती साठला, झाडांनी आणि समुद्राने किती शोषला, ते अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींवरूनच कळतं. अकरा वर्षांत त्यांचा एकही मंगळवार चुकला नव्हता. स्वतःच्या लग्नाचासुद्धा नाही. सासूबाईंचा या हवेवर राग होता तो तेव्हापासूनच.

केंद्रात एक कोरी जोडी शिल्लक होती. कुरिअरची गाडी चारला सुटणार होती. निरीक्षकांनी ताट बाजूला सारलं आणि स्कूटर काढली.

"थांबा, मीही येते," म्हणत सासूबाई मागे बसल्या. "मी घोळ घातलाय, मीच निस्तरणार."

चढावर चाक पंक्चर झालं. उरलेला चढ दोघांनी पायी काढला; सासूबाईंनी तो बोलत काढला. वर पोचले तर वारा शहराकडून, सगळा धूर घेऊन येत होता. तशी हवा काय कामाची? तो फिरेपर्यंत साडेतीन वाजले.

"आता वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखायचा," निरीक्षकांनी बजावलं. "आपल्या श्वासातला वायू बाटलीत गेला, की आकडा चुकलाच. एक अक्षर बोलायचं नाही!"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. निरीक्षकांनी पहिली तोटी उघडली, आणि सासूबाईंनी झेप घेऊन त्यांचंच तोंड दाबून धरलं. दुसरी बाटली भरेपर्यंत सोडलं नाही.

"हे काय?" निरीक्षक धापा टाकत ओरडले.

"गुणगुणत होता तुम्ही!"

"मी? छे! शक्यच नाही."

वाद घालत, धावत दोघं टेकडी उतरली. निघालेली गाडी सासूबाईंनी आडव्या उभ्या राहून थांबवली.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतल्या एका बाईंचा फोन आला.

"अभिनंदन! दोन्ही बाटल्यांचे आकडे पहिल्यांदाच जुळले. एरवी तुमची एक बाटली नेहमी जास्त दाखवायची, ती आम्ही सोडून द्यायचो. या वेळी काय वेगळं केलंत?"

निरीक्षकांनी घाईघाईने आभार मानले. मग फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सासूबाई, मंगळवारी मोकळ्या आहात का?"

"कुठल्या मंगळवारी?"

निरीक्षकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं.

"सगळ्याच."